तलावात आसरा नसतात

आमच्या मंडळाच्या पोहण्याच्या स्पर्धेत वयोगट नव्हते. सुरतेत उधन्याच्या बाजूला खानदेशातली माणसं भरपूर, पण त्यातली पाण्यात उतरून शर्यत करायला तयार असणारी जेमतेम दहाबारा. त्यांचे गट पाडले असते तर घरटी एक बक्षीस वाटावं लागलं असतं. म्हणून कारखान्यातला चाळिशीचा माणूस आणि अकरावीतला पोरगा शेजारशेजारच्या पट्ट्यांत उभे राहत आणि शिट्टी झाली की एकदम उडी घेत.

ही शर्यत दरवर्षी गोपाल जिंकत असे. तो यंत्रमाग दुरुस्त करायचा. पोट थोडं सुटलं होतं, मिशीत पांढरे केस आले होते. कॉलेजातली पोरं त्याला चिडवत, "काका, हांफी जशो." तो हसून म्हणायचा, "अरे, मला धाप लागायला आधी तुम्ही माझ्या पुढे तरी जा."

त्याची रीत वेगळी होती. पोरं पाण्यावर हातपाय आपटत जात. गोपाल उडी मारल्यावर वर येतच नसे. तळाशी एक काळी सावली सरकत जाई आणि पलीकडच्या भिंतीपाशी डोकं वर निघे. तलावाची एक लांबी तो एका श्वासात कापायचा. मंडळाच्या नियमांत याला मनाई नव्हती, कारण असं कुणी करील हे नियम लिहिणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं.

ही विद्या विहिरीची होती. धरणगावकडच्या त्यांच्या गावात कुणाची कळशी किंवा पोहरा विहिरीत पडला की गोपालच्या घरी बोलावणं यायचं. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, दोराचं टोक काठावरच्या माणसाने धरायचं. आधी आसरांच्या नावाने हळदकुंकू वाहायचं, हिरवा खण ठेवायचा. सात आसरा पाण्यात राहतात, आवडलेल्या माणसाला ठेवून घेतात, म्हणून दोर. मग बुडी मारणाऱ्याने भराभर, खोल श्वास घ्यायचे. बोटांना मुंग्या आल्या की दम भरला. खालून त्याने दोराला हिसका दिला की वरच्याने ओढायचं. हिसका आल्याशिवाय ओढायचं नाही, नाहीतर हाती लागलेलं भांडं सुटतं.

गोपालचा थोरला भाऊ चिंधा अशाच एका बुडीत गेला. त्या दिवशी दोर गोपालच्या हातात होता. हिसका आलाच नाही. तो वाट बघत राहिला. शेवटी लोकांनी ओढलं, तेव्हा चिंधाचा चेहरा शांत होता, झोपेत हसल्यासारखा. अंगावर धडपड केल्याची एकही खूण नव्हती. गाव म्हणालं, आसरांनी लाडाने ठेवून घेतला, त्यात दोर धरणाऱ्या पोराचा काय दोष. हे गोपालनेच मला सांगितलं होतं, सुपारी कातरता कातरता, अगदी सरळ आवाजात.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मला पोहता येत नाही. मंडळाने मला पट्ट्याच्या टोकाशी उभं केलं होतं, पोहणाऱ्याचा हात भिंतीला लागला की सांगायला. त्याला फक्त नजर लागते, असं अध्यक्ष म्हणाले होते. माझ्या नजरेचीही मला फारशी खात्री नव्हती, पण नाही म्हणायला जमलं नाही.

त्या वर्षी गोपालचा मुलगा ललित पहिल्यांदा शर्यतीत उतरणार होता. बापाने त्याला आपली रीत शिकवली होती. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर पोरगा खाटेवर बसून भात्यासारखे श्वास घेत होता.

"आल्या मुंग्या?" गोपालने विचारलं.

"ओठांना पण आल्या, पप्पा."

"मग झालं. मध्ये वर यावंसं वाटेल. ऐकायचं नाही. थोड्या वेळाने ते आपोआप थांबतं."

मी कुठेतरी वाचलं होतं की असे श्वास घेऊन बुडी मारणारा माणूस काही न कळता बेशुद्ध होऊ शकतो. कुठे वाचलं ते आठवत नव्हतं, म्हणून बोलताना अडखळलो. तरी बोललो. गोपालने सगळं ऐकून घेतलं.

"काका, पुस्तकातला माणूस कोरडा असतो," तो म्हणाला. ललित खुदकन हसला.

गोपालची बायको वर्षा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "आनि दोर?" तिने नवऱ्याला विचारलं. "पोरना दोर कोन धरी?"

"अठे कसाले दोर?" गोपाल म्हणाला. "तलावले फरशी शे, दवाई टाकेल शे. अठे आसरा नहीत."

हे खरंच होतं. प्लेगनंतर सुरत धुऊन काढल्यासारखी झाली होती आणि त्या तलावाचं पाणी तर इतकं निळं, की तळाच्या फरशीचे सांधे मोजावेत. अशा पाण्यात काय लपणार? वर्षा पुन्हा भाकरी थापू लागली. मलाही वाटलं, आपलं काहीतरी चुकत असेल.

रविवारी सकाळी तलावावर गर्दी होती. माझ्याकडे नेमका ललितचा पट्टा आला. शेजारचा गोपालचा. वर्षा माझ्या मागे लोखंडी कठड्याला धरून उभी होती. ती तिथे पहिल्यांदाच आली होती.

पलीकडच्या टोकाला बाप आणि लेक ओळीत उभे राहिले. दोघांच्या छात्या सारख्याच वर-खाली होत होत्या. त्यांचं मोठ्याने चाललेलं बोलणं पाण्यावरून इकडे ऐकू येत होतं.

"घरी जाऊन आईला सांगू नको मी हरवलं म्हणून," गोपाल म्हणाला.

"ती इथंच आहे, पप्पा. तुमचं हरणंच बघेल."

शिट्टी झाली. बाकीची पोरं पाणी उडवत निघाली. दोन सावल्या तळाशी गेल्या.

लोक सावल्यांकडे बोटं दाखवत ओरडू लागले. अर्ध्यावर ललितची सावली बापाच्या पुढे होती. इतकी सरळ, इतकी शांत येत होती, की मला त्या पोराचा अभिमान वाटला. मग गोपालचं डोकं वर निघालं आणि त्याचा हात भिंतीवर आपटला. टाळ्या झाल्या. पोरंही एकेक करून येऊन टेकली.

माझ्या पट्ट्यात ललित होता. माझ्या अगदी पायाखाली, हात पुढे केलेले. बोटं भिंतीपासून वीतभर लांब. ती वीत तो कापत नव्हता. मला वाटलं, बापाला जिंकू दिलं आणि आता गंमत करतोय. पण बुडबुडे येत नव्हते.

"काका," मागून वर्षा म्हणाली, "त्याने हात लावला का?"

"नाही," मी म्हणालो. मग गोपालकडे वळून, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, मोठ्याने म्हणालो, "गोपाल, याने हात लावलेला नाही. याला काढ."

तो अजून हसत होता. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तो खाली गेला.

ललितला काठावर आडवं केलं तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते आणि चेहरा शांत होता. वर्षाने त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तलावावरच्या रखवालदाराने पोराची छाती दाबली, तोंडाला तोंड लावून हवा भरली. थांबला, पुन्हा भरली. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. मग ललितच्या तोंडातून पाणी आलं, तो खोकला, आणि खोकतच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घ्यायचं ठरवलं. दुपारपर्यंत त्याचा रंग परतला. पहिलं काय विचारावं त्याने, तर "मी पहिला आलो ना?"

"तू पोचलाच नाहीस," मी म्हणालो.

"असं कसं? मी हात लावला की." तो खरंच गोंधळला होता. "काही दुखलं नाही, काका. श्वास पाहिजे असंसुद्धा वाटत नव्हतं. छान वाटत होतं. मला वाटलं, पोचलो."

वर्षाने पदराचं टोक पोराच्या मनगटाला गुंडाळलं आणि मुठीत धरून बसली.

गोपाल खिडकीशी उभा होता. बऱ्याच वेळाने तो मला खूण करून बाहेर घेऊन गेला. व्हरांड्यात बाकावर बसला. दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

"काका, तुम्ही ते वाचलं होतं ना," तो म्हणाला, "त्यात असं काही लिहिलं होतं का? की माणसाला असं झालं, तर दोराला हिसका द्यायचं सुचतं?"

मला ते वाचलेलं आता नीट आठवत होतं.

"नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. आतून ललितचा आवाज येत होता. पुढच्या रविवारी तलाव उघडा असेल का, असं तो आईला विचारत होता.