शकू बरी हाय

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा. बुवांची पेटी अजून सुरात यायची आहे, तबलजी हातोडीनं ठोकाठोकी करतोय, मागची पोरं सतरंजी इकडून तिकडं ओढताहेत. कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तेवढ्यात शकूची गोष्ट ऐका. पनवेलजवळ कोन गाव आहे ना, त्याच्या अलीकडच्या गावातली, आपल्यातलीच बाई. गोड गोष्ट नाही ही, पण मध्येच उठून जाऊ नका. शकूजवळून आधीच पुष्कळ जण उठून गेलेत.

त्या सकाळी शकू मागच्या दारी दगडावर धडपे धूत होती. जुन्या सुती साड्या फाडून केलेले ते तुकडे तिला दिवसभर लागत. धुतलेले धडपे ती बाहेर तारेवर टाकत नसे. शेजारणीनं विचारलं तर काय सांगायचं? पत्र्याच्या शेडमध्ये, भाताच्या कणगीवर आणि जुन्या टायरांवर पसरून ठेवायची. घराला पुढून संगमरवर होता. जमीन प्रकल्पात गेली तेव्हा आलेल्या पैशातून रामूनं, तिच्या नवऱ्यानं, हौसेनं बांधलेला बंगला. दारात गाडी, ओटीवर झोपाळा. शकू मात्र गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यापासून मागच्या शेडमध्ये निजत होती.

ऑपरेशन हायवेलगतच्या एका मोठ्या हॉस्पिटलात झालं होतं. अंगावरून जायचं ते थांबलं, हे खरं. पण घरी आल्यावर थोड्याच दिवसांत अंथरूण ओलं व्हायला लागलं. बसली, उठली, झोपली, तरी लघवी गळायचीच. घरात आधी कुजबुज झाली, मग नाकाला पदर लागले, आणि शेवटी सासूनं निकाल दिला, "देवघरात नको येव. चुलीजवळ नको. ताट मागं पाठवीन."

तर धडपे धुताना ओटीवर रामूचा फोन वाजला. हॉस्पिटलचा. तिथं मोनाली नावाची एक मुलगी होती. ऑपरेशन झालेल्यांना ठरावीक काळानं फोन करायचा, कसे आहात विचारायचं आणि उत्तर कॉम्प्युटरमध्ये भरायचं, हे तिचं काम. मोठ्या डॉक्टरांचा अभ्यास चालला होता: इथून गेलेले पेशंट घरी जाऊन खरंच बरे होतात का, आपल्या सेवेत काही उणं राहतं का. काम पुण्याईचं होतं. पण पेशंट भरती करताना नंबर जो दिला जाई तो घरधन्याचा. शकूला तर स्वतःचा फोनच नव्हता.

"नमस्कार, शकुंतलाताईंशी बोलायचं होतं."

"मी तिचा मालक बोलतंय. बोला."

"ऑपरेशननंतर त्यांना काही त्रास आहे का, सर? ताप, दुखणं, लघवीची तक्रार?"

रामूनं मागच्या दाराकडं पाहिलं. शकूचे हात थांबले होते.

"काय नाय. बरी हाय. एकदम बरी हाय."

"दोन मिनिटं ताईंना देता का?"

"बाईमानूस ती, तिला काय समजतंय फोनवर? मी सांगतंय ना!"

मोनालीला अजून कितीतरी फोन करायचे होते. "ओके सर. आमच्या सेवेला दहापैकी किती मार्क द्याल?"

"दहा द्या. अकरा द्या!" रामू हसून म्हणाला.

फोन ठेवून तो मागं आला. "परक्या पोरीला काय सांगू गो? मलाच लाज वाटली."

"लाज मलाबी वाटते," शकू म्हणाली. "पन मी वली हाय नि तुमी कोरडे हाव."

रामू वाईट माणूस नव्हता हो. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. पनवेलला गेला की तो तिच्यासाठी पावडरचे डबे आणायचा, एकदा तर गुलाबाचं अत्तर घेऊन आला. बायकोला डॉक्टरकडं परत न्यावं एवढंच त्याला सुचलं नाही. नेलं की दुखण्याचं नाव निघणार, नाव निघालं की गावभर होणार, आणि त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, पूर्वीचं, लग्न जुळायला आलं होतं. चिरनेरचं स्थळ, माणसं चांगली. आईला असलं काही आहे म्हटल्यावर कोण उभं राहणार?

शकूलाही तेच वाटायचं. म्हणून तिनं आपल्यापुरता उपाय काढला. पाणी पिणं कमी केलं. आत गेलंच नाही तर बाहेर येणार नाही, एवढा साधा हिशेब. कोणी पाहुणे यायचे असले की आदल्या संध्याकाळपासून ती तांब्याला हात लावत नसे.

मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. आधी दर सप्ताहात बायकांच्या बाजूला, पहिल्या ओळीत, खांबाला टेकून शकूची जागा ठरलेली असे. गजर सुरू झाला की तिचा आवाज सगळ्या बायकांच्या वर चढायचा. कमलाकरबुवा तर म्हणायचे, "माझा माईक बंद पडला तरी चालेल, शकूबाई पाहिजे." त्या वर्षी ती शेडच्या दारात बसून कर्ण्यातून येणारं कीर्तन ऐकत होती. रंग भरला होता. बुवा म्हणत होते, "देवाला तुझं सोवळं नको रे बाबा. त्याला तुझी हाक पाहिजे!"

"हाक मारीन बुवा," शकू अंधारलेल्या शेडकडं बघत पुटपुटली, "पन माज्या अगोदर वास पोचेल." आणि आपल्याच बोलण्यावर तिला हसू आलं.

सासूबाई त्या वेळी देवळात अगदी पुढं बसल्या होत्या. बुवांच्या त्या वाक्याला त्यांनी डोळ्याला पदर लावला. घरी आल्या तेव्हा डोळे अजून ओलेच होते. चपला काढता काढता म्हणाल्या, "पूर्वी, तिचा परसाद मागंच नेऊन दे गो. आत नको बोलवू."

मंडळी, कीर्तनावर जीव टाकणारे आपण सगळे. हे ऐकून आपापल्या छातीला हात लावायला हरकत नाही.

पूर्वी प्रसाद घेऊन आली आणि आईला चिकटूनच बसली. "आय, मी सांगू डॉक्टरला?"

"तुजं लगीन होऊ दे. मंग सांग, छापून दे पेपरात!"

"तवर तू अशीच र्‍हाशील?"

"अशीच म्हंजे काय? जिती हाय ना?"

पाहुणे बोलणी करायला यायचे होते, त्यासाठी साड्या घ्यायला मायलेकी पनवेलला गेल्या. सफूराबाईंचं दुकान शकूच्या लग्नापासूनचं ओळखीचं. गादीवर साड्यांचा ढीग पडला, पूर्वीनं मोरपंखी उचलली. शकू किंमत विचारायला पुढं वाकली आणि तिला कळलं. गादीवर ओला डाग पसरला होता. बाजूला दोन गिऱ्हाइकं बसली होती. शकूच्या तोंडचं पाणी पळालं.

सफूराबाईंनी काही न बोलता पाण्याचा ग्लास उचलला आणि सरळ त्या डागावर ओतला. "या अल्ला! माझा हात पण ना, म्हातारीचा! शकूबाई, भिजवलं ना तुला? चल, आत चल, दुसरी साडी देते."

आत पडदा ओढून त्यांनी हळूच विचारलं, "ऑपरेशननंतर सुरू झालं ना?"

शकूनं नुसती मान हलवली.

"माझ्या नणंदेला झालेलं. लघवीच्या पिशवीला बारीक भोक पडतं, शकू. शिवतात ते. तिचं शिवलं. आता पाच वक्ताची नमाज पढते, हज करून आली. तू काय समजलीस, मरेपर्यंत असंच?"

हे शिवता येतं, असं शकूला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, आपल्याच कुठल्या पापाचं हे फळ.

"हॉस्पिटलचा फोन येतो आमच्याकडं," ती म्हणाली. "विचारतात, लघवीची तक्रार हाय का."

"मग बोल ना, बाई! समोरून विचारतात आणि तू गप्प?"

"फोन ह्यांच्याकडं असतो."

"नवरा खाऊन टाकणार काय तुला? हात पुढं कर आणि घे."

परतताना रिक्षात शकूनं लेकीचा हात धरला. "आता फोन आला की मी बोलनार," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिच्या आवाजात तो गजरातला चढ होता.

आणि फोन आला. पण कधी आला बघा.

चिरनेरची मंडळी साखरपुड्याची बोलणी करायला आली होती. शकूला नव्या साडीत, भरपूर पावडर लावून, पुढच्या खोलीत सोफ्याच्या कडेला बसवलं होतं. कालपासून तिनं पाणी घेतलेलं नव्हतं. अंगात कणकण होती, ओठ सुकले होते, कमरेत कळ येत होती. मुलाचे वडील मोकळे, बोलके. पोह्यांची तारीफ चालली होती, तेवढ्यात रामूचा फोन वाजला. त्यानं सवयीनं उचलला, "हां, बरी हाय ती—"

पलीकडून मोनाली म्हणाली, "सॉरी सर, आता आम्हाला पेशंटचंच उत्तर लागतं. नवीन नियम झालाय. ताईंना द्या ना प्लीज."

फोनचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू गेला. रामू गडबडला. मुलाचे वडील म्हणाले, "द्या की वैनीला! आजकाल कोन विचारतंय एवढ्या आपुलकीनं? चांगलं हॉस्पिटल दिसतंय."

रामूचा हात पुढं आला. शकूनं फोन घेतला. ज्या क्षणाची ती वाट बघत होती तो तळहातावर येऊन बसला. आता फक्त उठायचं, मागच्या दारी जायचं आणि सांगून टाकायचं.

ती उठू शकली नाही. सोफा ओला झाला होता. उठली असती तर चिरनेरच्या सगळ्या मंडळींना दिसलं असतं.

"ताई, ऐकू येतंय ना? कशा आहात?"

"हां."

"लघवीची काही तक्रार? गळणं, जळजळ? काहीही असलं तरी सांगा हं, ताई. लाजू नका."

सासूबाई पदर चावत होत्या. रामू जमिनीकडं बघत होता. दाराआडून पूर्वी मान हलवत होती, सांग, आय, सांग. शकूनं लेकीकडं पाहिलं. मोरपंखी साडीत पोर काय सुरेख दिसत होती.

"नाय," शकू म्हणाली. "बरी हाय मी."

"अरे वा! तुमचा आवाज ऐकून छान वाटलं, ताई."

पाहुणे जाईपर्यंत शकू सोफ्यावरून हलली नाही. सगळ्यांना वाटलं, विहिणीचा किती तो आब!

त्यानंतर तापानं तिला धरलं ते सोडलंच नाही. आधी गावच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, मग इंजेक्शनं. हुडहुडी भरून ती बोलेनाशी झाली तेव्हा रामूनं गाडी काढली आणि त्याच मोठ्या हॉस्पिटलात नेली. तपासणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं, "पाणी न प्यायल्यानं आणि लघवीचं इन्फेक्शन चढल्यानं दोन्ही किडन्या गेल्यात. ही गळती कधीपासूनची? आधी का नाही सांगितलं?" रामू भिंतीला धरून उभा राहिला. एवढ्या वेळा विचारलं होतं त्यांनी, आणि एवढ्या वेळा त्यानं सांगितलं होतं.

शकू शुद्धीवर आली नाही. लेकीची हळद बघायची राहिली ती राहिलीच.

दिवसकार्य झाल्यावर चिरनेरची मंडळी भेटायला आली. कोणीतरी विचारलं, "अशा कशा गेल्या अचानक?" सासूबाई म्हणाल्या, "ताप आला, दुसरं काय?" पूर्वी पुढं झाली. शेड, धडपे, ताट, न प्यायलेलं पाणी, सोफा, सगळं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. शेवटी म्हणाली, "माज्या लग्नासाठी ती गप बसली. आता तुमी ठरवा." पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले, आणि पुन्हा काही कळवलं नाही.

ऑपरेशनला वर्ष भरलं तसा हॉस्पिटलचा शेवटचा फोन आला. या वेळी रामूचा फोन पूर्वीनं उचलला. "आय मेली," ती म्हणाली, आणि का मेली तेही सांगितलं. पलीकडं मोनालीनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

मोनाली मोठ्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. भला माणूस. पण म्हणाले, "निबंधासाठीची उत्तरं आधीच घेऊन झाली होती, मोनाली. निबंध छापूनही आला. आणि त्या बाईचं उत्तर तिच्याच तोंडचं आहे. आता काय बदलणार?" त्या निबंधात शकू बऱ्या झालेल्यांत आहे. उत्तम सेवेबद्दल मिळालेलं मानपत्र हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर लागलं आहे, आणि त्या चांगल्या गुणांत रामूनं हसत दिलेले मार्कही आहेत.

मोनाली अजून तेच काम करते. तिनं स्वतःपुरतं एवढंच बदललं, की प्रकृतीचं विचारण्याआधी ती विचारते, "ताई, आजूबाजूला कोणी बसलंय का?" बहुतेक वेळा बाई म्हणते, "मी बरी आहे," आणि फोन ठेवून देते.

रामू ओटीवर झोपाळ्यावर बसून असतो. शेड त्यानं पाडली. पूर्वी पनवेलला सफूराबाईंच्या दुकानात कामाला जाते. सासूबाई सप्ताहाला पुढंच बसतात, डोळे पुसतात.

बघा, पेटी लागली सुरात. बुवा उभे राहताहेत. आता गजर होईल तेव्हा टाळ्या वाजवा, डोळेही पुसा, त्याला कोण नको म्हणतंय? फक्त इथंही बायकांच्या बाजूला, पहिल्या ओळीत, खांबाजवळ कोणाला बसू देऊ नका. ती जागा शकूची. आणि कीर्तन सुटल्यावर घरी जाऊन तांब्याभर पाणी प्याल, तेव्हा पहिल्या घोटाला तिला आठवा.