बॉयलरच्या पाण्याची रेघ

साखर कारखान्याचं गाळप पुन्हा बंद पडलं, तसे चीफ इंजिनियर काकासाहेब थेट कंट्रोल रूममध्ये आकांक्षाच्या कॉम्प्युटरपाशी आले. पडद्यावर बॉयलरच्या पाण्याची रेघ नाचत होती आणि पाणी मोजणाऱ्या सेन्सरची तार तुटल्याचा अलार्म सारखा बॉयलर बंद पाडत होता.

“सिग्नलचा फिल्टर वाढव, रेघ शांत हुईन. अन् तो अलार्म काढून टाक.”

“साहेब, तार खरंच सैल हाये. अलार्म काढल्यावर ती सुटली, तर पाणी आटलं तरी पडदा जुनाच आकडा दाखवीन. अन् बॉयलर फुटन. खाली बॉयलरवर राखण करायला सोमेश्वरमामा उभे असतेत.”

“तार हंगाम संपल्यावर बदलू. बाहेर तुझ्या बापाचाच ऊस वाळून राह्यला. त्याला सांग मंग हे शास्त्र.”

बापाची वेसण करून लेकीच्या नाकात घालायची, ही साहेबलोकांची जुनीच कला.

आकांक्षाने दोन्ही केलं. रेघ सरळ झाली, गाळप सुरू झालं, साहेब चहाला गेले. ती खाली उतरली आणि सोमेश्वरमामांशेजारी उभी राहून बॉयलरच्या काचनळीतलं खरं पाणी बघू लागली.

वडिलांचा फोन आला. “ऊस उतरला, पोरी. चाल घरी, ट्रॉली रिकामीच हाये.”

“तुम्ही जा, आण्णा,” नळीवरची नजर न काढता ती म्हणाली. “मला आता इथून हलता येत न्हाई.”