ऑटोवरची मोटर

कारंजा गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी माझ्या भावाशी भांडले. गेमिंग कॉम्प्युटरच्या बजेटमध्ये एकच वस्तू भारी घेता येत होती, ग्राफिक्स कार्ड नाहीतर पॉवर सप्लाय.

“हरीओम, आपल्या गावची लाइन तुले मालूम नाही का? स्वस्तातला सप्लाय उडून जाते!”

“तू कायले भिऊन राह्यली, ताई? शेतातल्या मोटरीची थ्री फेज लाइन यायच्या आत बंद करीन मी.”

शेवटी कार्डच घेतलं.

घरी गेम सुरू झाला. चित्र इतकं देखणं, की घड्याळाकडे कोणी पाहिलंच नाही. अचानक बल्ब मंदावला. थ्री फेज येताच शिवारातल्या साऱ्या मोटरी ऑटोवर, म्हणजे आपोआप, एकदम सुरू झाल्या होत्या आणि व्होल्टेज पडलं होतं.

“बंद कर!” मी ओरडले.

स्क्रीन काळी पडली. कॉम्प्युटरच्या डब्यातून, सप्लायच्या बाजूने, जळका वास आला.

बाहेर आमच्या विहिरीवरची मोटर घुमत होती. तिचा ऑटो हरीओमनेच बसवला होता.