संपलेल्या चहाचा थर्मास

मी एक जुना स्टीलचा थर्मास आहे. बुडाला पोचा, झाकणाला दोरी. मित्रांनो, मधली आठ वर्षं माझ्या पोटात चहाचा थेंब नव्हता. थर्मासाच्या जातीला याहून मोठी नामुष्की नाही.

मला हरेश्वरने पनवेलच्या बाजारातून घेतलं. तो न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रकने कंटेनर ओढतो. बंदराबाहेर ट्रकांची रांग तुंबली की तो माझं झाकण उघडायचा. आल्याच्या चहाची वाफ त्याच्या मिशीत शिरायची आणि पुढचे-मागचे ड्रायव्हर वासावर यायचे. ते माझे वैभवाचे दिवस.

मग त्याची नऊ वर्षांची मुलगी, प्राप्ती, वाळत चालली. कळशीभर पाणी प्यायली तरी तहान जाईना. डॉक्टर म्हणाले, मुलांना होणारा मधुमेह आहे; इन्सुलिन रोज टोचायचं, जन्मभर. ते औषध प्रवासात गार राहायला हवं. म्हणून मला घासलं, गार पाण्याने भरलं आणि डबीत बंद केलेलं इन्सुलिन माझ्या पोटात ठेवलं. गरम ठेवण्यात माझा लौकिक होता. गारही ठेवतो, हे मलाच ठाऊक नव्हतं.

प्राप्तीची आई सगुणा मात्र आमच्या गावात, आगरदांड्यात, कुणाला पत्ता लागू देईना. पोरीचं लग्न व्हायचं होतं ना! खाडीपलीकडे दिघीला जाणाऱ्या बोटीत बसलं की शेजारची आवडाबाई विचारायची, "गो सगुणा, च्या हाय का?"

"संपला गो."

जाताना संपलेला, येताना संपलेला.

"थर्मास नुसता मिरवायला. चिकट मेली!"

सगुणा मला पिशवीत आणखी खाली दडपायची. चिकट म्हणवून घेणं तिला चालत होतं.

सतराव्या वर्षी प्राप्ती 'मिस टीन सागरकिनारा' झाली. मुकुट आला. दिसायला भारी, पण त्यात काही मावत नाही. मान मिळाला तसं कामही आलं : वर्षभर एखाद्या विषयावर लोकांशी बोलायचं. तिने मुलांचा मधुमेह हा विषय घेतला आणि पार म्हसळ्यापर्यंत शाळाशाळांत बोलू लागली. पण स्वतःचं सांगायचं नाही, अशी आईने शपथ घातलेली. म्हणून प्रत्येक भाषण एकाच वाक्याने सुरू व्हायचं : "माझी एक मैत्रीण आहे..."

त्या मैत्रिणीचं इन्सुलिन मांडीवर घेऊन सगुणा पहिल्या रांगेत बसायची. मला वाटायचं, या पोरीने एकदा तरी सगळ्यांसमोर मला 'माझा' म्हणावं.

शेवटी गावाने सत्कार केला. मधुमेहावर बोलल्याबद्दल तिला किलोभर पेढे देण्यात आले. ती उभी राहिली. "माझी एक मैत्रीण आहे..." आणि अडली. परगावी हे खपून जाई. इथे तिच्या सगळ्या मैत्रिणी समोरच बसल्या होत्या.

"कोन गो ती?" आवडाबाई ओरडली. "नाव सांग की!"

बायका एकमेकींच्या मुलींकडे पाहू लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "रुचिता असंल. किती वाळलीय बघ." बिचाऱ्या रुचिताचा चेहरा उतरला. प्राप्तीने आईकडे पाहिलं. 

सगुणा उठली. सगळ्यांसमोर तिने माझं झाकण काढलं.

"मैत्रीण न्हाय. माजी पोर हाय ती. हे तिचं औषद. ह्याच्यात च्या कधी नव्हताच."

मग आवडाबाई डोळे पुसत म्हणाली, "मेले, आठ वर्षं तुला चिकट म्हनू दिलंस मला?"

प्राप्ती आता कॉलेजला मुंबईत असते. इन्सुलिनसाठी तिच्याकडे निळी, मऊ, नवी पिशवी आहे. भाषणाचं पहिलं वाक्यही नवं आहे : "मला मधुमेह आहे." ते मी ऐकलेलं नाही, सगुणा बोटीत आवडाबाईला सांगते, तेव्हा कळतं. सांगता सांगता ती माझ्यातला चहा ओतते. हो, चहा परत आला, आल्यासकट. ज्याच्यासाठी आठ वर्षं झुरलो, तो पोटात आहे. आणि मी झुरतो आहे गार पाण्यासाठी, त्यात डुलणाऱ्या डबीसाठी.

मित्रांनो, कुणाचा चहा नेहमीच संपलेला असला, तर चिकट म्हणण्याआधी शेजारी बसून जरा मायेने विचारा. आणि प्राप्ती कुठे भेटली, तर तिला सांगा, घरच्या थर्मासात पाणी अजून गार राहतं.