तपकिरी की लाल

लिफ्टवाले काकांनी डावा हात पाठीमागे घेतला आणि उजव्या हाताने मीटरची पिन अँप्लिफायरच्या पोटात घातली. तीनशे व्होल्ट म्हणजे चेष्टा नव्हे. एक हात लांब ठेवायचा, हा नियम त्यांनी तीस वर्षांत मोडला नव्हता. पण जिथे एकोणीस व्होल्ट यायला हवेत तिथे अडतीस दिसत होते, आणि स्पीकर घसा बसल्यासारखा घरघरत होता.

तीन महिने खपून त्यांनी हा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर घरीच बांधला होता. आज सकाळपासून त्यांनी व्हॉल्व्ह बदलला, सगळं सोल्डरिंग पुन्हा केलं, ट्रान्सफॉर्मरला शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शेवटी स्विच बंद करून त्यांनी व्हॉल्व्हजवळचा एक रेझिस्टन्स काढला. शेंगदाण्याएवढ्या त्या तुकड्यावरचे रंगीत पट्टे वाचूनच त्याचं माप कळतं.

"अगं, जरा इकडे ये. यावरचे रंग सांग."

काकू मशीनवरून उठल्या. शिवणकामात त्यांचा जन्म गेला होता. "लाल, जांभळा, लाल."

"शेवटचा तपकिरी."

"अहो, दिवसभर दोरे ओवते मी. चांगला ठसठशीत लाल आहे."

म्हणजे दहापट मोठ्या मापाचा तुकडा बसवला होता. काकांनी उरलेलेही काढून काकूंसमोर ठेवले. नऊपैकी चार चुकले होते. उजेड कमी पडतो म्हणून त्यांनी या खोलीतला बल्ब दोनदा बदलला होता. बिचारा बल्ब!

मग त्यांना कालचं काम आठवलं.

काल त्यांनी एका आठमजली इमारतीत लिफ्टचं नवं पॅनेल जोडलं होतं. दार उघडं असताना लिफ्ट अडवून धरणारी तार तपकिरी होती. शेजारची लाल. घाईघाईत त्यांनी दारं बंद ठेवूनच लिफ्ट वरखाली फिरवून पाहिली होती. आज चार वाजता ती लोकांसाठी सुरू होणार होती, आणि आता सव्वातीन झाले होते.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तारा बरोबरही असतील. तोंड उघडलं तर नोकरी गेलीच, मग उगाच आ बैल मुझे मार कशाला? असं त्यांच्या मनात आलं, आणि आलं याची त्यांना लाज वाटली.

"काय झालं हो? चेहरा का उतरला?"

"काल मी लिफ्टच्या तारा जोडल्यात."

काकूंनी हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं. मग फोन आणून त्यांच्यापुढे ठेवला. "करा."

आजची लिफ्ट सुरू करू नका, असं काकांनी सांगताच फोनवर कंपनीचे साहेब हसले. "काका, तुम्ही स्वतः लावलीय ना? मग कसली काळजी?"

"मी लावलीय, म्हणूनच बंद ठेवा. मला लाल आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत."

"कधीपासून?"

"आजच कळलं." काका थांबले. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या. "नाही साहेब. संशय उन्हाळ्यापासून होता."

फोन कट झाला. काका उभेच राहिले. काकूंनी मशीनवर बसून एक शिवण घातली आणि वाकडी गेली म्हणून उसवली. चारला दहा कमी असताना फोन वाजला.

"दार उघडं ठेवून बटण दाबलं," साहेब म्हणाले. "लिफ्ट निघाली, काका."

"आत कुणी नव्हतं ना?"

"नाही."

काका खुर्चीत बसले. डोळे पुसले, खिसा चाचपला.

"मग आता लिफ्टच्या मशीनरूमची किल्ली कुणाकडे देऊ, साहेब?"