निळसर खळ

साल एकोणीसशे एकाहत्तर. परदेशातल्या विद्यापीठात दोन वर्षं संशोधन करायला नेणारी ती फेलोशिप तेव्हा अख्ख्या विभागातून एखाद्यालाच मिळायची, आणि तीही अर्जाच्या वेळी तिशीच्या आत असलेल्याला. बेबीला तीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

जुन्या कागदावर वाढणारी बुरशी हा तिचा विषय. पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या मुलीला दुसरं काय सुचणार, असं आत्या म्हणायची. घराच्या पुढच्याच खोलीत अण्णांचं काम चाले. डागाळलेली, कुजकी पुस्तकं तिथे यायची आणि शिवून, पुठ्ठा चढवून ऐटीत बाहेर पडायची. डाग आला कुठून, हे कुणी विचारत नसे. बेबीने विचारलं आणि त्या एका प्रश्नात तिची सात वर्षं गेली. आई लहानपणीच गेलेली, अण्णांची नजर अधू होत चाललेली. त्यामुळे रोज पाच वाजले की ती प्रयोगशाळा आवरून घरी पळायची, उद्याच्या शिवणीसाठी सुया ओवून ठेवायला. मार्गदर्शक सरांना ते खटकायचं. "तुझं घड्याळ घरच्या भिंतीवर आहे," ते एकदा म्हणालेही होते.

पंधरा ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज द्यायचा होता. त्याला जोडायचं सरांचं शिफारसपत्र आदल्या दिवशी हाती आलं होतं. बंद पाकीट, आणि झाकणाच्या जोडावर आडवी सही, अर्धी वर, अर्धी खाली. पाकीट उघडलेलं दिसलं तर अर्ज बाद, असा नियमच होता. मागच्या वर्षी एकाने चोरून पत्र वाचलं म्हणून सरांनीच त्याचा अर्ज फेटाळायला लावला होता.

शुक्रवारी बेबीने पाकीट अण्णांच्या टेबलावर ठेवलं आणि ती डॉक्टरांचा दाखला आणायला गेली. तीन वाजता परतली तेव्हा टेबल रिकामं.

"अण्णा, इथलं पाकीट?"

"आहे की. दाबात ठेवलंय."

"कशात?"

अण्णांनी लोखंडी दाबयंत्राचं चाक सोडवलं आणि दोन फळ्यांमधून पाकीट काढून कौतुकाने पुढे केलं. "एका कोपऱ्याला सुटलं होतं बघ. एवढ्या लांब जायचंय, वाटेत उघडलं तर? जुना गोंद खरवडला, कड वेडीवाकडी होती ती जराशी कापली आणि आपली खळ लावली. आता बैल जुंपलेस तरी सुटायचं नाही."

बेबी पाकिटावर वाकली. झाकण नवरीसारखं नेटकं बसलं होतं, पण कड कापल्यामुळे सरांच्या सहीचे दोन तुकडे एकमेकांना भेटत नव्हते. आणि जोडावर अगदी बारीक निळसर रेघ होती. कसर लागू नये म्हणून अण्णा खळीत मोरचूद घालायचे, त्याची.

"अरे दादा, पाकिटाची हजामत केलीस होय!" आत्याने डोक्याला हात लावला. मग हळूच म्हणाली, "दे तसंच नेऊन. कोण भिंग लावून बघतंय?"

"सगळे भिंगच लावून बसतात गं तिथे," बेबी म्हणाली. सव्वातीन झाले होते. चारला सर परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर परगावी निघणार होते. तिने पाकीट उचललं. अण्णांनी हात पुसले, पायांत चपला सरकवल्या.

"तुम्ही कशाला?"

"निस्तरायला. घाण मी केली ना?"

विभागातल्या आपल्या खोलीत सर बॅग भरत होते. त्यांनी पाकीट खिडकीपाशी धरलं आणि जोडावरून बोट फिरवलं.

"वाचलंस?"

"नाही सर."

"मागच्या वर्षीचाही हेच म्हणाला होता."

"साहेब, उघडलं मी," अण्णा दारातूनच म्हणाले. त्यांच्या सदऱ्यावर खळीचे वाळलेले डाग होते. "आतला कागद बाहेरसुद्धा काढला नाही. चाळीस वर्षं लोकांच्या रोजनिश्या बांधतोय. वाचत बसलो असतो तर बांधल्या कधी असत्या? बोलायचं ते मला बोला. पोरीचं नुकसान नको."

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ही दोन वर्षांसाठी गेली तर तुमच्या सुया कोण ओवणार?"

बेबी चमकली. सुयांचं सरांना कुणी सांगितलं?

"बहीण आहे माझी," अण्णा म्हणाले. "तिची नजर सुईपेक्षा बारीक आहे, जीभही तशीच. हिला मी कधी थांब म्हटलं नाही साहेब, हीच थांबते. तिकडे न्यायला हिच्या काचपट्ट्यांची पेटीसुद्धा करून ठेवलीय, आतून कापड लावून. दोन वर्षं झाली. हिला दाखवली नाही, उगाच आशा नको म्हणून."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चार वाजून पाच मिनिटं. सर उठले तशी बेबीला वाटलं, संपलं सगळं. पण त्यांनी पाकीट न उघडताच फाडलं, टोपलीत टाकलं आणि कोरा कागद ओढला. भोंगा पुन्हा वाजला. "थांबू दे त्याला," ते पुटपुटले. दोन पानं झाली. चार सदतीस.

नव्या पाकिटात कागद घालून त्यांनी ते गोंदाच्या बाटलीसकट अण्णांपुढे सरकवलं. "चिकटवा. या वेळी माझ्यासमोर."

अण्णांनी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. सरांनी सही केली.

पाचला पाच मिनिटं असताना बेबी धापा टाकत अर्ज घेणाऱ्या कचेरीच्या खिडकीपाशी पोहोचली. कारकुनाने पाकीट उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, कोपरा उचकटून पाहिला.

"चिकटवलंय मात्र झकास," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

मार्चमध्ये होकार आला. बेबी गेली, दोन वर्षं पुरी करून परतली आणि पुढे त्याच विभागात शिकवू लागली. सर निवृत्त झाल्यावर एकदा भेटायला गेली, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं. "पहिल्या पत्रात लिहिलं होतं, हुशार आहे, पण घराचा भार हिच्यावर, मुदत पुरी करणार नाही, दुसऱ्याचा विचार व्हावा. तुमच्या सुयांचं विभागात कानावर आलं होतं, त्यावरून तुला न विचारताच ठरवून टाकलं होतं मी." बेबीने चहा संपवला. त्यानंतर ती दरवर्षी जात राहिली, ते होते तोवर.

अण्णा शहात्तराव्या वर्षी गेले. शेवटपर्यंत त्यांची समजूत होती की पत्र फाडायला लागलं ते त्यांच्यामुळे, आणि खरं सांगितलं तरी त्यांना ते पटलं नाही. आत्या त्यांच्यामागे नऊ वर्षं जगली आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाकिटाच्या हजामतीची गोष्ट सांगत राहिली. कारकून बढती घेऊन कुठेतरी गेला, त्याचं पुढे कळलं नाही.

पेटी बेबीच्या कपाटात आहे. आतलं कापड विटलंय, पण बुरशी नाही. कडेला निळसर रेघ अजून दिसते.