पुलाखालचा थांबा

"गाडी थांबव," मी म्हणाले.

"आई, पुलावर थांबवता नाही येत."

पुष्पाची गच्ची माझ्या खिडकीजवळून सरकली. दोरीवर तिचं हिरवं लुगडं वाळत होतं. म्हणजे आंघोळ उरकून पुष्पा खाली उतरली होती, जुन्या सिटीबसच्या थांब्यावर, फुलांची पुडी घेऊन. सकाळी मीच तिला फोन केला होता. "गौरांग आला आहे, दुपारी त्याचं विमान आहे. थांब्यावर उभी राहा, गाडीत घेऊन घाटावर जाऊ." नवा पूल थांब्याच्या डोक्यावरून जातो, हे मला सुचलंच नाही. मी त्यावरून कधी गेलेच नव्हते.

गौरांगने पुष्पाला फोन लावला. तिने उचलला नाही. हरवेल म्हणून ती फोन घरीच ठेवते, शहाणी.

पुष्पा माझी फॅक्टरीच्या क्वार्टरपासूनची मैत्रीण. दर सोमवारी आम्ही बसने नर्मदेवर, ग्वारीघाटला जायचो. मी आधी चढायची आणि शेजारच्या जागेवर तिच्यासाठी पिशवी ठेवायची. त्या पिशवीपायी अर्ध्या जबलपूरशी भांडले असेन. मग बस बंद झाली, रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला. ती पलीकडे, मी अलीकडे. आता सोमवारी मी देवाशी बोलते. तो उलट उत्तर देत नाही, त्यामुळे मजा येत नाही.

"बस काहून बंद केली रे?"

"लॉसमध्ये होती."

"आणि हा पूल नफ्यात आहे? तिकीट तर कोणी फाडलं नाही."

"हा टॅक्समधून बनतो, आई. सगळ्यांच्या."

"मी साबण घेते, त्यातल्या पण?"

"हो."

"पुष्पा घेते, त्यातल्या?"

"अच्छा बाबा, तिच्या पण. तू भाषण देऊन राहिली."

"मग तिच्या पैशाच्या पुलाखाली तीच काहून उभी आहे?"

त्याने आरशात माझ्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं. वर्षभर त्याची गाडी माझ्या दारासमोर, सरकारी रस्त्यावर फुकट झोपते. तिथेच बसणाऱ्या फुलवालीला मात्र पालिकेने हाकलून दिलं.

"वळून खालून यायचं म्हणजे फ्लाईट चुकेल," तो हळू म्हणाला. "पुढच्या वेळी नक्की."

पुढची वेळ म्हणजे दिवाळी. विनवणी मी नवऱ्याची केली नाही, पोराची काय करणार?

"चल," मी म्हणाले.

पूल उतरला. पुढे घाटाचा रस्ता मोकळा होता.

"ती पिशवी खाली ठेव ना. आरामात बस."

मी शेजारी पाहिलं. बसताना सवयीने ठेवली होती.

"राहू दे," मी म्हणाले. "ती जागा धरलेली आहे."